आबांनी धरलेला फाउल

बेसबॉलचा सामना बघायला आलेल्या माणसाने कुठे बसायचं, हे आमच्या जळगावात निंबाचं झाड ठरवतं. आयोजकांनी ठरवायला पाहिजे, पण ते ठरवत नाहीत. कॉलेजच्या मैदानावर एका बाजूला दोन मोठे निंब आहेत. त्यांच्याखाली सतरंजी अंथरतात. बाकी सगळीकडे ऊन. गणपती उठल्यावर आमच्याकडे जे ऊन पडतं त्यात कुणी हौसेने बसत नाही, त्यामुळे आया, मावश्या, शेजारीपाजारी, सगळे त्या सतरंजीवर. त्याच रांगेत पाहुण्यांचा मांडव. मांडवात सोफा, सोफ्यापुढे टीपॉय, टीपॉयवर नारळ, शाल आणि पाण्याच्या बाटल्या. सोफा खेळाच्या जितका जवळ तितका पाहुण्यांचा मान मोठा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते. फलंदाज जिथे उभा राहतो तिथून फक्कीच्या दोन रेषा दोन बाजूंना फाकत जातात. चेंडू त्यांच्या आत गेला तर पळायचं. बाहेर गेला तर फाउल, म्हणजे काहीच झालं नाही असं समजून पुन्हा उभं राहायचं. पण चेंडूला हे माहीत नसतं. तो कुठेतरी जातोच. चेंडू कडक असतो आणि फाउल झालेला चेंडू सर्रास बाजूच्या माणसांत जातो. निंबाखालची सतरंजी नेमकी त्या वाटेवर आहे.

माझी धाकटी बहीण कॉलेजच्या संघात खेळते. ती बॅट जोरात फिरवते पण किंचित उशिरा फिरवते, त्यामुळे तिचे फाउल हटकून निंबाकडे जातात. मला हे तीन वर्षांपासून दिसत होतं. मी पाण्यासाठी पत्रक काढलं, बंद पडलेल्या वाचनालयासाठी काढलं, बसथांब्यावर शेड नाही म्हणून काढलं. निंबाखाली मात्र स्वतः शेंगदाणे खात बसले.

शेंगदाणे आबांचे असत. आबा आमच्या शेजारचे. मूळचे धरणगावकडचे, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. तरुणपणी डेपोच्या क्रिकेट संघात यष्टीरक्षक होते, आणि हे ते कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. माझ्या बहिणीचा एकही सामना त्यांनी चुकवलेला नाही. बेसबॉलचे नियम त्यांनी शिकून घेतलेले नाहीत, कारण त्यांच्या मते हे क्रिकेटच आहे, फक्त पोरींनी बॅट खांद्यावर धरलेली आहे.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात बहिणीने बॅट फिरवली आणि चेंडू निंबाकडे वर उडाला. आता सरळ सांगते, कडक चेंडू अंगावर येताना पाहून शहाणा माणूस पळतो. आमच्याकडचा माणूस ओंजळ करून पुढे जातो. गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा बघून आमची ही सवय झाली आहे. सीमारेषेबाहेर प्रेक्षकाने झेल घेतला की टाळ्या पडतात, माईकवर त्याच्या टोपीच्या रंगाचा उल्लेख होतो. सतरंजीवरची चार-पाच माणसं ओंजळी करून उठली. सगळ्यात पुढे आबा.

त्यांनी झेल घेतला. आधी सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला, आणि मग आबांनी चेंडू वर करून पंचांना दाखवला. डाव्या हाताचं मधलं बोट भलत्याच दिशेला गेलं होतं.

"आउट," आबा म्हणाले.

पंच धावत आले. "आबा, तुम्ही प्रेक्षक आहात."

"झेल ते लिधा ना मी? टप्पा पडना का?"

"टप्पा नाही पडला, पण..."

"मंग? पोर आउट शे."

सतरंजी हसत होती. मीही हसले. मग बहिणीकडे पाहिलं. ती बॅट खाली टाकून उभी होती आणि आबांच्या बोटाकडे बघत होती.

सामना आम्ही जिंकलो. आबांच्या हाताला प्लॅस्टर बसलं. तीन आठवड्यांनी धुळ्याला विभागीय सामने होते आणि आमच्या पोरी पहिल्यांदाच तिथवर पोचल्या होत्या. पण बहिणीची बॅट फिरेना. सरावात चेंडू आला की ती बॅट नुसती पुढे करायची. चेंडू टक्‌ करून पायाशी पडायचा.

"अगं, दार लोटतेस का बॅटने?" संघाच्या प्रशिक्षक मॅडम ओरडायच्या.

"मॅडम, बाजूला माणसं आहेत."

"सरावाला कोण आलंय? ते कुत्रं?"

कुत्रंच होतं, निंबाखाली झोपलेलं. तरी तिने बॅट फिरवली नाही. शेवटी मॅडमनी स्पष्ट सांगितलं की धुळ्याला पहिल्या सामन्यात तिला उतरवणार, पण तिथेही हेच केलंस तर दुसरी पोर तयार आहे. घरी येऊन ती जेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. बहीण सहावीपासून खेळते. आमच्या घरात या खेळाचं नाव पहिल्यांदा तिनेच आणलं.

मला अशा वेळी एकच गोष्ट येते. मी निवेदन घेऊन स्पर्धेच्या संयोजक सरांकडे गेले.

"सर, प्रेक्षकांपुढे जाळी पाहिजे."

"फलंदाजाच्या मागे आहे ना जाळी."

"ती मागच्या चेंडूंसाठी. मी बाजूच्या माणसांचं बोलतेय."

"ताई, फाउल हा खेळाचा भाग आहे."

"आबा खेळाचा भाग नव्हते."

"मग ते उठले कशाला? बसून राहिले असते तर डोक्यावरून गेला असता चेंडू."

हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, माणसं मागे सरकवा. ते म्हणाले, मागे ऊन आहे. मी म्हटलं, मांडव सतरंजीवर घाला आणि सोफा उन्हात ठेवा. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यातला देव बाहेर ठेवायला सांगितलं होतं. तरी माणूस भला. त्यांनी तिथल्या तिथे धुळ्याच्या संयोजकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"जाळी आहे ना आमच्याकडे," धुळ्याचे सर म्हणाले. "दरवर्षी लावतो."

"कुठे लावता?" मी विचारलं.

"पाहुण्यांच्या मांडवापुढे."

"आणि सतरंजीपुढे?"

पलीकडून ते म्हणाले, "सतरंजीवर कोणी पाहुणे नसतात."

हे वाक्य ऐकून घरी येईपर्यंत माझं पत्रक डोक्यात तयार झालं होतं. मथळा होता: सोफ्याला जाळी, सतरंजीला चेंडू. खाली मी व्यवस्थित आसूड ओढले होते. शाल-नारळ घेणाऱ्यांच्या नाकाची काळजी आहे आणि डबे घेऊन येणाऱ्या आयांच्या नाकाची नाही, वगैरे. मला शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक नियम घालून दिला होता, पत्रकात एक घटना रंगवून सांगायची, म्हणजे वाचणारा थांबतो. म्हणून मी आबांची घटना घातली. 'एका खेळाडूच्या बेफाम फटक्याने आमच्या वस्तीतील ज्येष्ठ नागरिकाचे बोट मोडले.' दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर उभं राहून दुपारपर्यंत पत्रकं वाटली.

संध्याकाळी बहीण आली ती एक पत्रक घडी घालून हातात घेऊन.

"बेफाम कोण?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "अगं, ते लिहिण्याची पद्धत असते."

"खेळाडू कोण ते सगळ्या कॉलेजला माहीत आहे, ताई. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी आज विचारून घेतलं."

"मी हे तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी होतं तर मला विचारायचं होतंस. तू माझ्यावर पत्रक काढलंस."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोघींकडे पाहिलं, आणि परत आत गेली. आई आत जाते तेव्हा चूक माझी असते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी आजवर पुष्कळ लोकांना खाली पाहायला लावलं आहे आणि त्यातल्या बहुतेकांबद्दल मला काही वाटलेलं नाही. ते त्याच लायकीचे होते. पण त्या दिवशी मी सायकल काढून परत कॉलेजला गेले आणि सापडतील ती पत्रकं गोळा केली. सूचनाफलकावरचं काढलं. ग्रंथालयातली घेतली. कँटीनवाल्याकडे मोठा गठ्ठा होता, पण त्याने त्यात भजी बांधायला सुरुवात केली होती. तो म्हणाला, "ताई, कागद चांगला जाड आहे तुमचा." माझ्या लिखाणाला मिळालेली सगळ्यात मनापासूनची दाद तीच असावी.

रात्रीच्या जेवणाआधी आबा आले. प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात माझं पत्रक. बहिणीसमोर खुर्ची ओढून बसले.

"पोरी, बोट मनं मोडनं. तोंड तुनं का उतरनं?"

तिने त्यांच्या प्लॅस्टरकडे बोट केलं.

"मी माझ्या मर्जीने उठलो. धरला बी." घरात बाकी कुणी असलं की आबा अर्धी आपली अहिराणी आणि अर्धी आमची मराठी बोलतात. "आता तू बॅटच नही फिरवशी तं मी धुळ्याला येऊन बघू काय? मॅडमचं तोंड?"

"तुम्ही येऊच नका आबा," बहीण म्हणाली. "तुम्ही परत उठाल."

"उठीन," आबा म्हणाले. खोटं बोलायची सवय त्यांना नाही.

मग त्यांनी पत्रक माझ्यासमोर धरलं. "हाई ब्येस लिखेल शे. पन यामा जाळी कोठे शे?"

मी म्हटलं, "जाळीची मागणीच तर केलीय, आबा."

"मागणी दिसस माले. जाळी कोठे शे?"

जाळी कुठे आहे ते आबांनाच माहीत होतं. धरणगावला आबांचे साडू आहेत, कापूसवाले. कापूस ट्रॉलीत भरून जिनिंग मिलला नेतात तेव्हा वाऱ्याने उडू नये म्हणून वरून जाळी ताणतात. जाड सुताची, बारीक डोळ्यांची, दोन ट्रॉल्या झाकेल एवढी. वेचणी सुरू व्हायला अजून पंधरा-वीस दिवस होते. तोवर जाळी गोठ्याच्या माळ्यावर पडून होती.

रविवारी मी आणि आबा स्कूटरवर धरणगावला गेलो. साडूंनी जाळी काढून दिली, अंगणात अंथरली आणि मला विचारलं, "ह्याने चेंडू थांबेल?" आबांनी एक विटेचा तुकडा उचलून उजव्या हाताने जाळीवर मारला. तो थांबला. साडू म्हणाले, "दसऱ्याच्या आत परत पाहिजे. नाहीतर मी पत्रक काढेन." माझी कीर्ती तिथवर गेली होती.

धुळ्याला संघ सकाळी कॉलेजच्या गाडीने गेला. मी, आई आणि आबा एसटीने, जाळीचं बोचकं घेऊन. बोचक्याने मागची दोन माणसांची जागा अडवली. एरंडोलला चढलेल्या एका काकांनी विचारलं, "मासे धरायला का?"

"पाहुणे धरायला," आबा म्हणाले.

पारोळ्यापर्यंत आबांनी गाडीच्या कंडक्टरला त्याचं काम कसं करावं ते समजावलं. मी खिडकीतून बाहेर कपाशी बघत होते आणि धुळ्याच्या सरांशी कसं भांडायचं याची उजळणी करत होते. सहा मुद्दे काढले होते.

त्यातला एकही लागला नाही. धुळ्याचे सर फाटकातच भेटले. उंच, खेळून रापलेला माणूस. "तुम्हीच ना त्या? पत्रक पोचलं आमच्याकडे. मोबाइलवर फिरतंय." मी तयारीत उभी राहिले. त्यांनी आबांच्या प्लॅस्टरकडे पाहिलं. "आणि हेच का ते ज्येष्ठ नागरिक?"

"यष्टीरक्षक," आबा म्हणाले.

"ताई, आमची जाळी बारा फुटांची आहे," सर म्हणाले. "सोफ्यापुरतीच पुरते. मला काय सतरंजीवाल्यांशी वैर आहे का? तुमची जाळी कुठे बांधू सांगा."

इतक्या सहज हो म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो, कारण मग तोंडातले मुद्दे गिळावे लागतात. गिळले. मांडववाल्याकडून चार जादा बांबू घेतले आणि कापसाची जाळी सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली. मागच्या वर्षीच्या कापसाचे बोंडाएवढे पुंजके तिच्यात ठिकठिकाणी अडकले होते. ते काढायला वेळ नव्हता.

तेवढ्यात कळलं की त्यांची बारा फुटी जाळी सापडत नाही. स्टोअरची चावी ज्याच्याकडे, तो पाहुण्यांना आणायला गेला होता. पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा येणार होते. सामना सुरू झाला तेव्हा सतरंजीपुढे जाळी आणि सोफा उघडा, असं दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी ते फार समाधानाने पाहिलं, हे लपवत नाही.

तिसऱ्या डावात पाहुणे आले. तिघे. शाली घेतल्या, नारळ घेतले, सोफ्यावर बसले. त्यानंतर दोनच मिनिटांत समोरच्या संघातल्या एका पोरीचा फाउल टीपॉयवर आदळला आणि पाण्याची बाटली मांडवाबाहेर गेली. तिघे पाहुणे एकदम उठले. मुख्य पाहुण्यांनी शाल सावरली, आमच्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "तिकडून जास्त चांगलं दिसतं वाटतं."

"या ना, बसा," आई म्हणाली आणि सरकली.

तिघे येऊन सतरंजीवर मांडी घालून बसले. सोफ्यावर नारळ राहिले. आबांनी शेंगदाणे पुढे केले.

मग बहिणीची पाळी आली. संघ एका धावेने मागे होता. ती येऊन उभी राहिली, पहिला चेंडू जाऊ दिला. पंचांनी स्ट्राइक दिली. दुसराही जाऊ दिला. दुसरी स्ट्राइक. तिसरी झाली की ती बाद, आणि मॅडम बाकावरच्या दुसऱ्या पोरीला काहीतरी सांगायला लागल्या होत्या.

बहिणीने पाय मागे घेतला आणि वळून आमच्याकडे पाहिलं. जाळीतून तिला किती दिसत होतं कोण जाणे. ती कशाला थांबली ते आबांनी ओळखलं. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी उजवा हात मांडीखाली घातला. मग गळ्यातल्या झोळीतून प्लॅस्टरचा डावा हात काढला आणि हळूच तोही मांडीखाली सारला. असे हातांवर बसून राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

"हातांवर बसलेत बघ," आई जोरात म्हणाली. मैदानाला ऐकू जाईल असं.

पुढचा चेंडू आला आणि तिने बॅट फिरवली. उशिरा, नेहमीसारखीच. चेंडू सरळ आमच्यावर आला. जाळी फुगली, ताणली, आणि चेंडू खाली गवतात पडला. कापसाचा एक पुंजका सुटून मुख्य पाहुण्यांच्या शालीवर बसला.

सतरंजीने टाळ्या वाजवल्या. धुळ्याच्या लोकांना वाटलं काहीतरी मोठं झालं असेल, म्हणून त्यांनीही वाजवल्या. दोन स्ट्राइक झाल्यावर फाउल गेला तरी माणूस बाद होत नाही, हा या खेळातला मला आवडणारा एकमेव दयाळू नियम आहे. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा जाळी, पुन्हा कापूस. तिसऱ्यांदा फाउल झाला तेव्हा पाहुणे स्वतःहून "वा" म्हणाले. बहीण हसत होती. तीन आठवड्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. आबांच्या अंगाला प्रत्येक चेंडूबरोबर झटका बसायचा, पण हात वर आले नाहीत. तेवढं सोसणं त्यांना बोट मोडण्यापेक्षा जड गेलं असणार.

चौथा फटका रेषेच्या आत गेला, उंच आणि लांब, आणि मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या पोरीने पळत जाऊन तो धरला. बाद. आम्ही तो सामना त्याच एका धावेने हरलो. आमच्यापुरते विभागीय सामने संपले. मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "आता लवकर फिरवायला शिक." तिला बदलायचं पुन्हा कुणी बोललं नाही.

जाळी सोडायला बहीण आली. धुळ्याचे सर म्हणाले की पुढच्या वर्षी ते लांब जाळी घेतील, आणि मी म्हटलं की लेखी द्या. त्यांनी माझ्याच पत्रकाच्या पाठीमागे लिहून दिलं. ते मी जपून ठेवलं आहे. आमच्या जळगावच्या मैदानावर मात्र अजून जाळी नाही, निंबाखाली अजून सतरंजी आहे, आणि संयोजक सरांना मी दर सोमवारी भेटते.

आबा सतरंजीवरच बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. सामना हरल्याचं त्यांना फारसं वाटलेलं दिसत नव्हतं. बहीण बोचकं उचलून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तो शेवटचा झेल दखा ना?" आबा म्हणाले. "त्या पोरीने धरला, तू आउट. बरोबर?"

"बरोबर."

"मंग त्या दिन बी तू आउटच व्हती."

मी नियम समजावून सांगायला तोंड उघडलं. बहिणीने मला कोपराने ढोसलं.

"हो आबा," ती म्हणाली. "आउटच होते मी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "हाई लिख," ते म्हणाले.